न झालेल्या कुस्त्यांचा अभ्यास

खानदेशातल्या यात्रेत जोड लागताना ज्याने पाहिली असेल, त्याला या विषयाचे मर्म फार समजावून सांगावे लागणार नाही. पहिलवान हात वर करून आखाड्याला फेरी मारतो. समोरून कुणी हात दिला की पंच दोघांना शेजारी उभे करतात. मान, दंड, मांड्या न्याहाळतात. तेवढ्यात कडेला बसलेला वस्ताद नुसती मान हलवतो आणि जोड मोडते. गर्दीतून आवाज येतो, "भ्याला!" हा शेरा घाईचा आहे. वस्तादाने कधी कोवळ्या पोराची मान वाचवलेली असते, कधी पुढच्या महिन्यातली मोठ्या इनामाची कुस्ती सांभाळलेली असते. यातले नेमके काय, हे शोधणे हेच या अभ्यासाचे काम.

खेळाचा इतिहास झालेल्या लढतींवरून लिहिला जातो. मला टाळलेल्या लढती अधिक बोलक्या वाटतात, आणि त्यांचा सर्वांत मोठा साठा हेवीवेट बॉक्सिंगमध्ये आहे. जेम्स जेफ्रीजने कृष्णवर्णीय आव्हानवीरांना किताबाची लढत दिलीच नाही आणि १९०५ मध्ये तो अपराजित निवृत्त झाला. पुढे विजेता झालेल्या टॉमी बर्न्सचा पिच्छा पुरवत कृष्णवर्णीय जॅक जॉन्सन ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. बर्न्स लढायला उभा राहिला तो ३०,००० डॉलर कबूल झाल्यावर. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत जॉन्सन जिंकला. पण किताब हाती आल्यावर सॅम लँगफर्ड आणि जो जेनेट या आपल्याच वर्णाच्या तगड्या मुष्टियोद्ध्यांना त्यानेही संधी दिली नाही. गोऱ्या आव्हानवीराशी लढले तर गल्ला मोठा. लँगफर्डशी लढले तर गल्ला लहान आणि किताब जाण्याची भीती मोठी. जॉन्सनला भित्रा म्हणणे हास्यास्पद ठरेल. हिशेब मात्र त्याला पक्का कळत होता. १९१९ ते १९२६ विजेता राहिलेल्या जॅक डेम्प्सीची कृष्णवर्णीय आव्हानवीर हॅरी विल्सशी गाठ पडली नाही, तिथे वर्णद्वेष, राजकारण आणि पैसा असे तिन्ही धागे एकत्र गुंतलेले दिसतात. किताबधारी फ्लॉइड पॅटरसनच्या बाबतीत नकार व्यवस्थापकाचा होता. सनी लिस्टनशी लढू नकोस, असे कस डामाटो सांगत राहिले. १९६२ मध्ये शिकागोत पॅटरसन उतरला आणि पहिल्याच फेरीत पडला. वस्तादाची हललेली मान तिथेही होती.

या सगळ्याच्या मुळाशी एक व्यवस्था आहे. त्या काळी बॉक्सिंगचा किताब माणसाच्या मालकीचा असल्यासारखा असे. तो हरेपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत बहुधा त्याचाच, आणि कुणाशी लढायचे याचा करारही बव्हंशी त्याच्याच हाती. महाराष्ट्र केसरीत तसे नाही. राज्य कुस्तीगीर परिषदेच्या या स्पर्धेला १९६१ मध्ये सुरुवात झाली. १९६२ ला ती धुळ्यात झाली, १९६६ ला जळगावात. इथे गेल्या वर्षीची गदा या वर्षी काहीच सवलत देत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. दर वर्षी गटातून, चिठ्ठीत निघेल त्या पहिलवानाशी लढत त्यांना वर यावे लागले. २०१६ ला अंतिम फेरीत त्यांनी हरवलेले अभिजित कटके पुढच्याच वर्षी केसरी झाले. म्हणजे समोर आलेला मल्ल लेचापेचा नव्हता. म्हणूनच या तीन गदांचे मोल मी अनेक व्यावसायिक पट्ट्यांपेक्षा जास्त मानतो. २०१९ ला तर काका पवार यांचेच दोन शिष्य, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, अंतिम फेरीत समोरासमोर आले. एका तालमीतली अशी जोड गावच्या मैदानात सहसा कुणी लावणार नाही.

मैदानात मात्र निवड परत येते. तिथे इनाम, मानपान, गावकी, तालमींमधले जुने हिशेब सगळेच बोलते, आणि त्यातले फार थोडे कागदावर उतरते. जे उतरते ते हँडबिलावर: नेमलेल्या कुस्त्या, दोन्ही बाजूंची नावे, इनामाची रक्कम. छापलेली जोड आणि प्रत्यक्ष लागलेली जोड यांत फरक पडला, की तिथे एक प्रश्न उभा राहतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघरची दप्तरे गोळा केली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे आहे. तीच चिकाटी आता या पिवळ्या-गुलाबी कागदांसाठी हवी.

जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांनो, या विषयात यायला डावपेच येण्याची अट नाही. घरात, तालमीत, यात्रा कमिटीच्या कपाटात जुनी हँडबिले असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यावर गाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि गावातले म्हातारे वस्ताद आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा, की ही कुस्ती छापली होती, मग लागली का नाही?