कळफलकाचा इतिहास आणि बदलाचे मोल



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांचा हस्ताक्षराविषयीचा कटाक्ष येथील जुन्या विद्यार्थ्यांना चांगलाच स्मरत असेल. काना सरळ नसला तर ते संपूर्ण ओळ पुन्हा लिहावयास लावीत. एकदा हाताला वळण लागले की ते मोडणे कठीण, असे ते म्हणत. आज लिहिण्याचे पुष्कळसे काम बोटे कळांवर करतात. शाळेच्या संगणकवर्गात मराठी टंकलेखन कोणत्या कळफलकावर शिकवावे, जुनी रचना सोडून वेगळी घ्यावी काय, असा प्रश्न संस्थेपुढे आहे. प्रश्न तांत्रिक दिसतो. परंतु त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि उत्तरही त्या इतिहासातच शोधावे लागते.

आपण इंग्रजीसाठी जो कळफलक वापरतो त्याच्या वरच्या ओळीतील पहिली सहा अक्षरे क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी आहेत. त्यावरून त्याला क्वर्टी हे नाव पडले. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मुद्रक व संपादक ख्रिस्तोफर शोल्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकलेखनयंत्राचे एकस्व मिळविले. १८७३ साली हे यंत्र बनविण्याचा करार रेमिंग्टन या बंदुका तयार करणाऱ्या कारखान्याशी झाला आणि पुढील वर्षी ते विक्रीस आले. प्रारंभी कळा वर्णमालेच्या क्रमाने मांडलेल्या होत्या. आजही मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल हा क्रम दिसतो, तो त्याच मांडणीचा अवशेष होय.

टंकलेखकाचा वेग मुद्दाम कमी व्हावा म्हणून ही रचना केली, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. यंत्रातील दांडे एकमेकांत अडकू नयेत ही चिंता शोल्स यांना होती, असे मानले जाते. परंतु इंग्रजीत वारंवार एकत्र येणारी ई आणि आर ही अक्षरे क्वर्टीत शेजारी शेजारीच आहेत. जपानमधील क्योतो येथील यासुओका दांपत्याने २०११ साली निराळे मत मांडले : यंत्राचे आरंभीचे ग्राहक तारायंत्रावरील संदेश उतरवून घेणारे लोक होते आणि त्यांच्या सोयीगैरसोयीतून ही मांडणी हळूहळू घडत गेली. हे मत धरले, तर ती कोणा एकाची योजना नव्हे. तडजोडींचा तो साठा होय.

तरीही ती टिकली. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेत फ्रँक मॅकगरिन यांनी रेमिंग्टन यंत्रावर कळांकडे न पाहता टंकलेखन करून लुई ट्राब यांना हरविले. ट्राब यांचे यंत्र निराळ्या रचनेचे होते. वास्तविक हा विजय अभ्यासाचा आणि पद्धतीचा होता. श्रेय मात्र यंत्राच्या पदरी पडले. पुढे वर्ग त्याच रचनेचे निघाले, नोकऱ्याही तीच रचना जाणणाऱ्यांना मिळू लागल्या, आणि कारखानेही तीच यंत्रे काढू लागले.

या रचनेला खरे आव्हान दिले ते सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोरॅक यांनी. विल्यम डीली यांच्यासह त्यांनी इंग्रजीतील अक्षरांच्या आवृत्तीचा अभ्यास केला आणि १९३६ साली नव्या रचनेचे एकस्व घेतले. सर्व स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत आणि वारंवार येणारी व्यंजने उजव्या हाताखाली, असे तिचे सूत्र. क्वर्टीत मधल्या ओळीवर सुमारे ३२ टक्के काम होते, ड्वोरॅकमध्ये ते सुमारे ७० टक्के होते. बोटांची धावपळ कमी होते, यात शंका नाही.

मग जग तिकडे का वळले नाही? १९४४ साली अमेरिकेच्या नौदलाने १४ टंकलेखकांना नवी रचना शिकवून पाहिली आणि शिक्षणाचा खर्च लवकरच भरून निघतो असा अहवाल दिला. परंतु युद्धकाळात ड्वोरॅक स्वतः नौदलात अधिकारी होते, याकडे पुढे टीकाकारांनी लक्ष वेधले. १९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी अमेरिकी शासनासाठी पुन्हा परीक्षा घेतली. नवी रचना शिकणाऱ्यांना आपला जुना वेग परत मिळविण्यासाठीच, रोज ४ तास सराव करून, २५ हून अधिक दिवस लागले. तितकाच जादा सराव जुन्या रचनेवर करणारे तुलनेत पुढेच राहिले. १९८२ साली नॉर्मन आणि फिशर यांनी मांडलेल्या गणितात ड्वोरॅकचा लाभ सुमारे ५ टक्के निघाला. १९८५ साली अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी क्वर्टी हे जुन्या योगायोगात अडकून पडलेल्या समाजाचे उदाहरण म्हणून मांडले. १९९० साली लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी ते खोडून काढण्याचा यत्न केला. वाद संपलेला नाही. परंतु आपल्यापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे : ज्याची बोटे क्वर्टीवर बसली आहेत, त्याला केवळ वेगासाठी इंग्रजीची रचना बदलणे फारसे लाभाचे नाही. हातच दुखत असतील तर गोष्ट निराळी; पण तेथेही आसन, विश्रांती आणि वैद्यांचा सल्ला यांचा विचार प्रथम करावा.

मराठीच्या बाबतीत मात्र हाच निष्कर्ष उचलून लावता येत नाही. तेथे प्रश्नाचे स्वरूपच वेगळे आहे.

वेग आणि सार्वत्रिकता यांतून निवड करण्याचा प्रसंग मराठीवर पूर्वीही आलेला आहे. मोडी ही हात न उचलता झरझर लिहिण्याची लिपी. दप्तरे तीत वाहिली. परंतु छापखाना आला, बाळबोधीचे खिळे पडले, आणि विसाव्या शतकात मोडी शाळेतून व कारभारातून मागे पडली. वेग गेला; एकरूपता आली. त्याची किंमतही आपण दिली. मोडी कागदांचे ढीगच्या ढीग आज दप्तरखान्यांत आहेत आणि ते वाचणारे मोजके. बदल करावयाचा तर मागचे लेखन वाचता राहील काय, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याला विचारता आला पाहिजे.

देवनागरी टंकलेखनयंत्राची रचना ही इंग्रजी यंत्राच्या सांगाड्यात आपली लिपी कोंबण्याची कसरत होती. कळा थोड्या, जोडाक्षरे फार. म्हणून अर्धी अक्षरे देऊन वर काना जोडावयाचा. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण यंत्रावर ती आधी द्यावयाची. मी स्वतः तरुणपणी गावातील टंकलेखनाच्या वर्गात हीच रचना शिकलो आणि तीवर उपजीविका केली. संगणक आल्यावर तीच रचना वापरणारे अनेक टंक निघाले. त्या टंकांत अक्षराचा सर्वमान्य संकेत साठविला जात नसे. केवळ आकार साठविला जाई. तो टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की रोमन चिन्हांचा गोंधळ दिसे. अशा रीतीने साठविलेले आपल्या गावातील कितीतरी अंक आज नव्या मोडीसारखे झाले आहेत.

याला उत्तर म्हणून भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही रचना प्रमाण केली; १९८८ साली तीत सुधारणा झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. क ज्या कळेवर, त्याच कळेवर शिफ्टसह ख. ग च्या कळेवर घ. वर्णमाला ज्याला पाठ आहे त्याला अर्धी रचना आधीच पाठ असते. 'विद्या' हा शब्द लिहिताना व, ऱ्हस्व वेलांटी, द, पायमोड, य आणि काना अशा सहाच कळा उच्चाराच्या क्रमाने द्यावयाच्या.

आणि सीमाभागातील आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की, संगणकावर कन्नड भाषा निवडून त्याच सहा कळा त्याच क्रमाने दिल्या, तर कन्नड लिपीत 'विद्या' उमटते. बेळगावच्या मुलाला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही लिहावी लागतात. हैदराबादेत तेलुगू आहे, वडोदऱ्यात गुजराती आहे. तेथील मराठी मुलांनाही हाच लाभ. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : कर्नाटक शासनाने कन्नडसाठी के. पी. राव यांच्या रचनेला मान्यता दिलेली आहे, आणि शासकीय नोकरीची इच्छा असणाऱ्याला तीही शिकावी लागेल. परंतु दोन-तीन लिपींना एकच हात पुरावा, ही सोय इन्स्क्रिप्टमध्येच आहे.

मी पन्नाशी उलटल्यावर इन्स्क्रिप्टकडे वळलो. पहिले दीड महिना हात अडखळत होता. एकदा तर जुन्या सवयीने वेलांटी आधी देऊन आमंत्रणपत्रिकेचा पार विचका केला. माझ्या वयाच्या टंकलेखकाने हा खटाटोप केलाच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. जुनी रचना आता युनिकोडमध्येही चालते; त्याने टंक तेवढा बदलावा, बोटे बदलू नयेत. मजकूर युनिकोडमध्ये असला की तो कोणत्या कळफलकावरून आला याची खूण त्यावर उरत नाही. लिपी बदलताना दप्तरे गेली. कळफलक बदलताना फक्त बोटांचा सराव जातो.

आपल्या पाचवीतील मुलांचा मात्र तोही जात नाही, कारण तो अजून बसलेलाच नाही. घरी भ्रमणध्वनीवर ती रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि न-ण, ल-ळ यांतील निवड यंत्रावर सोपवितात. इन्स्क्रिप्टवर ळ साठी ळ चीच कळ द्यावी लागते. ती देताना मुलाला शब्द ठाऊक असावा लागतो. म्हणून माझी संस्थेला विनंती आहे की, पाचवीपासून आठवड्याला दोन तास इन्स्क्रिप्टसाठी द्यावेत, आणि शाळेचे जुने टंकांतील अंक युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम वरच्या वर्गांकडे सोपवावे. जुने टंक वाचू शकणारी माणसे अजून गावात आहेत, तोवर हे व्हावे. त्यासाठी मी स्वतः दर शनिवारी येण्यास तयार आहे.