मधुमेहजन्य पुंस्त्वदौर्बल्य

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह जडलेल्या पुरुषांत शिश्नास ताठरता न येणे वा ती न टिकणे, कामेच्छा मंदावणे, शिश्नमुंडाचा वारंवार बुरशीजन्य दाह होणे आणि वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात उलटे जाणे, अशा ज्या तक्रारी उद्भवतात त्यांचा समुच्चय. इराणी वैद्य इब्न सीना याने अकराव्या शतकातच मधुमेहाचे वर्णन करताना कामशक्तीच्या ऱ्हासाची नोंद केली होती. २०१७ साली जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा अशा मधुमेह्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांत ताठरतेचा दोष आढळला.

रक्तातील शर्करा वर्षानुवर्षे चढी राहिली की स्वायत्त मज्जातंतू झिजतात व रक्तवाहिन्यांच्या अस्तरात त्या सैलावणारे नायट्रिक ऑक्साइड पुरेसे निर्माण होत नाही. शिवाय शिश्नाच्या धमन्या अवघ्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या असल्यामुळे अवरोधाची वर्दी प्रथम येथेच लागते आणि छातीत कळ येण्यापूर्वी दोन ते पाच वर्षे ही तक्रार दाखल झालेली असते. म्हणूनच ती लाजेखातर दडविणे हे जिवाशी बेपर्वाईचे आहे.

अशी लपवाछपवी नागपुरातही दिसते. तेथील गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांतून गादीवर बसून दिवसचे दिवस सरतात, औषधांचा ठोक व्यापारही तेथेच चालतो, आणि मेयो रुग्णालय फार दूर नाही. तथापि ‘शुगर’ वाढल्याचे चारचौघांत सांगणारा गृहस्थ ‘कमजोरी’चा उच्चार वैद्यापुढेही करीत नाही, आणि भिंतीवरच्या जाहिरातीला बळी पडतो. वस्तुतः १९५४ च्या भारतीय कायद्याने मधुमेह व नपुंसकता या दोहोंच्या इलाजाच्या जाहिरातींना एकाच परिशिष्टात मनाई केलेली आहे. समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक विषयांवरील हे मौन मोडण्याचा यत्न केला. ते अद्याप पुरते मोडलेले नाही, याचे दुःख वाटते.

शर्करा, रक्तदाब व तंबाखू यांवर नियंत्रण हा उपचाराचा पाया होय. १९९८ साली अमेरिकेत मान्यता पावलेले सिल्डेनाफिल हे ताठरतेचे औषध अनेकांना गुणकारी ठरते. परंतु हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यास ते वर्ज्य, कारण रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते. वीर्य उलटे जात असल्यासही अपत्याची आशा सोडण्याचे कारण नाही: मूत्रातून शुक्राणू वेगळे करून गर्भधारणा साधता येते.