अर्धा दिवस दर्यावर : मालवणच्या नौकासहलीला निघण्यापूर्वी

प्रतिनिधी

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन शहरांचे समुद्राशी असलेले नाते तसे दुरूनचेच. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जतकडून बदलापूरला येते, कल्याणपाशी खाडीचे रूप घेते आणि पुढे वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. नदी समुद्रापर्यंत पोहोचते. तिच्या काठचा चाकरमानी मात्र लोकलच्या वेळापत्रकातच अडकून राहतो. फाळणीनंतर उल्हासनगरला आलेल्या अनेक सिंधी कुटुंबांनी कराची ते मुंबई हा प्रवास बोटीने केला होता. त्यांच्या नातवंडांना समुद्र ठाऊक असतो तो गेटवेच्या कठड्यावरून किंवा जुहूच्या वाळूवरून.

गेल्या काही वर्षांत मात्र 'अर्ध्या दिवसाची नौकासहल' हा प्रकार मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुटीच्या बेतात हक्काने शिरला आहे. सकाळी नौकेने निघायचे, स्वच्छ पाण्यात डुंबायचे, स्नॉर्केलिंग करून प्रवाळ आणि मासे पाहायचे, पाण्यावरच दुपारचे जेवण उरकायचे आणि ऊन चढले की किनारा गाठायचा, असे तिचे स्वरूप. या सहलीचा आनंद समुद्रात मिळतो हे खरे. परंतु ती सुखरूप पार पडणार की नाही, हे बहुतांशी धक्क्यावरच, नौकेत पाऊल ठेवण्याआधी ठरते. तेथे काय पाहावे, काय विचारावे आणि कोणत्या वेळी सरळ नकार द्यावा, याची ही माहिती.

मालवणच का?

मुंबईच्या आसपास नौकाविहाराला तोटा नाही. गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला नौका जातात. मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहून नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली. पण या भागात खाड्यांमधून येणारा गाळ एवढा असतो की पाण्यात हातभर अंतरावरचेही दिसत नाही. पाण्याखालचे जग पाहायचे तर दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातच जायला हवे.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७मध्ये तो जलदुर्ग उभा राहिला. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या खाऱ्या समुद्राने वेढलेल्या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही पर्यटकांना थक्क करतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, त्यांत सिंधुदुर्गाचाही समावेश आहे.

किल्ल्याभोवतीच्या खडकांना आणखी एक महत्त्व आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी येथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. सिंधुदुर्ग, जवळचा पद्मगड आणि आसपासचे पाण्यात बुडालेले खडक हा त्याचा गाभा. येथे प्रवाळ आहेत, समुद्री शेवाळाची रानेच्या राने आहेत आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे रंगीबेरंगी मासेही आहेत. २०१०नंतरच्या दशकात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंगचे प्रशिक्षण मिळाले आणि मासेमारी करणाऱ्या घरांना उत्पन्नाचा नवा मार्ग सापडला. तारकर्लीत राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्थाही आहे.

वारा, भरती आणि तिथी

सहलीचा दिवस सोयीने नव्हे, समुद्राच्या कलाने ठरवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत उत्तम काळ. पावसाळ्यातील गाळ तोवर खाली बसलेला असतो आणि पाणी त्यातल्या त्यात नितळ असते. मार्च-एप्रिलमध्येही सहल होऊ शकते. मे महिना सरू लागला की मात्र समुद्राचा रंग पालटतो. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी नौका आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय नौका पाण्यात न लोटण्याची कोळी-गाबितांची परंपरा पिढ्यांच्या अनुभवावर उभी आहे.

अर्ध्या दिवसाच्या सहलीसाठी तो अर्धा दिवस सकाळचाच असावा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. तेव्हा किनाऱ्याजवळचे पाणी सहसा शांत असते. जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि दुपारनंतर लाटा वाढतात. साडेसात-आठला निघून बाराच्या आत मोकळ्या समुद्रातून परतणे, हे म्हणूनच शहाणपणाचे.

भरतीची वेळ काढण्याचा जुना कोकणी आडाखा शहरातील वाचकांनाही उपयोगी पडेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. स्थळानुसार यात फरक पडतो, पण अंदाज बांधायला तो पुरेसा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरदार असतात आणि तळाचा गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या आगेमागे भरती-ओहोटीतील अंतर कमी असते; या 'भांगा'च्या दिवसांत पाणी अधिक स्वच्छ दिसण्याची शक्यता असते.

नदीतले पोहणे आणि समुद्रातले पोहणे

आपल्या भागातील तरुणांना पाण्याचे वावडे नाही. उल्हास नदीचे डोह, बारवीचा परिसर आणि कोंडेश्वरचा धबधबा येथे पावसाळ्यात झुंबड उडते. दुर्दैवाने तेथे बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्याही याच काळात येतात आणि प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. डोहात सूर मारता येतो म्हणून समुद्रातही निभावून नेऊ, हा भ्रम याच आत्मविश्वासातून जन्माला येतो.

खाऱ्या पाण्यात शरीर अधिक सहज तरंगते, हे खरे. पण समुद्रात काठ जवळ नसतो. प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. पाच मिनिटे पाण्याखाली पाहण्यात रमलेला माणूस मान वर करतो, तेव्हा नौका बरीच दूर गेलेली असते. परतताना लाटांविरुद्ध पोहावे लागते आणि दम तेथेच संपतो. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट काढू नये. स्नॉर्केलिंग पृष्ठभागावर तरंगतच करायचे असते. जॅकेटमुळे त्यातले काहीही कमी होत नाही. पोहता न येणारी व्यक्तीही जॅकेट घालून, तरंगत्या कड्याला धरून आणि प्रशिक्षकाच्या सोबतीने हा अनुभव घेऊ शकते.

नौकेत चढण्यापूर्वी

अपघातांच्या आठवणी जुन्या झालेल्या नाहीत. २४ मे २०२२ रोजी, हंगाम संपता संपता, तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी वीस पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. त्या दुर्घटनेत पंधरा जणांनी प्राण गमावले. पहिली दुर्घटना अखेरच्या हंगामातली, दुसरी ऐन हिवाळ्यातली. जॅकेट अंगात आणि बंद लावलेले असावे ते यासाठीच; संकट आल्यावर ते शोधायला आणि घालायला वेळ मिळत नाही. बदलापूर-वांगणीदरम्यान २७ जुलै २०१९ रोजी पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली, तेव्हा जॅकेट घालून रबरी होड्यांतून जाणारी माणसे या भागाने घराजवळच पाहिली आहेत.

धक्क्यावर पोहोचताच प्रथम नौकेवर लिहिलेला नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता पाहावी. मग माथी मोजावीत, लहान मुले आणि खलाशी धरून. 'आणखी दोघे आले तर काय बिघडले?' असे म्हटले गेल्यास तेथूनच परतावे. प्रत्येकासाठी जॅकेट आहे का, मुलांच्या मापाची वेगळी आहेत का, बंद तुटलेले नाहीत ना, हे हाताने ओढून तपासावे. पाण्यात उतरणाऱ्यांसोबत प्रशिक्षित माणूस उतरणार का आणि त्या वेळी नौकेवर दुसरे कोणी थांबणार का, हे विचारावे. पाण्यात माणसे असताना इंजिन बंद ठेवले जाते ना, याचीही खात्री करावी. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात त्या दिवशी धोक्याचा इशारा आहे का, याची चौकशी करायला संकोच नसावा. घरच्या कोणाला तरी नौकेचे नाव आणि परतीची वेळ कळवून ठेवावी. संकटकाळी पोलिसांचा ११२ आणि समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक भ्रमणध्वनीत असावेत.

एखाद्या तांडेलाने वारा पाहून 'आज नको' असे म्हटले, तर आगाऊ रक्कम दिली आहे म्हणून हट्ट धरू नये. जादा पैसे देऊन नौका काढायला लावणारा पर्यटक स्वतःबरोबर त्या खलाशाच्या घरादारालाही धोक्यात लोटतो.

पाण्याखालचे जग

स्नॉर्केलिंगचे तंत्र सोपे आहे. डोळे आणि नाक झाकणारा मुखवटा, तोंडात धरायची वाकडी नळी आणि जमल्यास पायांत रबरी पर. श्वास फक्त तोंडाने, सावकाश घ्यायचा. पहिली दोन मिनिटे जीव घाबरा होतो. म्हणून कमरेएवढ्या पाण्यात किंवा नौकेच्या कडेला धरून आधी सराव करावा. मुखवट्याच्या कडेत केस अडकले की पाणी आत शिरते, दाट मिशी असल्यासही तो त्रास होतो. हृदयविकार, फीट येण्याचा त्रास किंवा दमा असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती महिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना पाण्यात उतरू नये. मद्यपान केलेल्याने तर नौकेतच चढू नये.

मालवणचे पाणी अंदमान किंवा लक्षद्वीपसारखे काचेप्रमाणे नितळ नसते. चांगल्या दिवशी काही मीटरपर्यंतचे दिसते, वाईट दिवशी सारे हिरवट धूसर. तरीही खडकाला बिलगलेला प्रवाळ आणि त्यावरून सरसरत जाणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाहिल्यावर फेरा फुकट गेला असे वाटत नाही.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. असंख्य इवल्या जिवांची ती वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शेवाळे सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि प्रवाळाला रंगही देतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही शेवाळे बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. अनेक प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. विश्रांतीसाठी त्यावर टेकवलेला पाय किंवा बेफिकिरीने टाकलेला नांगर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडून टाकतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिले आहे. तुकडा आठवण म्हणून खिशात घालणे हा गुन्हा ठरतो. माशांना पाव टाकू नये. उन्हापासून बचावासाठी अंगभर मलम चोपडण्याऐवजी लांब बाह्यांचा सदरा घालावा. पाठही भाजत नाही आणि रसायनेही पाण्यात उतरत नाहीत.

जेवण पाण्यावर, पण शांत पाण्यावर

गोव्यात मुरगावजवळच्या ग्रँड आयलंडच्या सहलींत जेवण सहसा धरलेलेच असते. मालवणात तशी सरसकट पद्धत नाही. ते आधी ठरवून घ्यावे लागते. नौका मोकळ्या समुद्रात उभी असताना ताटे मांडणे टाळावे. नांगरलेली नौका अधिक डुलते आणि सुरमईच्या तळलेल्या तुकडीचा वासही नकोसा होतो. त्यापेक्षा सकाळी समुद्र उरकावा आणि देवबागला येऊन कर्ली खाडीच्या शांत पाण्यात नौकेवर जेवावे. खाडीच्या मुखाशी नदी आणि समुद्र भिडतात तेथे वाळूचे दांडे सरकत राहतात. तेथून नौका न्यायची की नाही, हे तांडेलावरच सोपवावे.

निघताना आंबोळी किंवा घावणे असा हलका नाश्ता पुरे. अगदी रिकाम्या पोटीही निघू नये. बोट लागण्याचा त्रास त्यानेही वाढतो. ज्यांना तो त्रास आहे त्यांनी डॉक्टरांनी सुचवलेली गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, नौकेच्या मध्यभागी बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. दुपारी तांदळाची भाकरी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी असा बेत जमला, तर सकाळचा सारा शीण उतरतो. जेवण घरगुती निवासातून डब्यांत घ्यावे. वालधुनी आणि उल्हास नदीत वाहत जाणारे प्लॅस्टिक आपण रोज पाहतो. मालवणच्या पाण्यात तरी त्याची भर नको.

कसे जाल?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरहून लोकलने ठाणे गाठून कोकण रेल्वेची गाडी पकडणे सोयीचे. दिव्याहून सावंतवाडीला जाणारी गाडीही आहे. कुडाळला उतरावे. तेथून मालवण सुमारे तीस किलोमीटर, एसटी आणि रिक्षा मिळतात. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आणि त्यापुढे देवबाग. रात्रीच्या प्रवासाने थकून त्याच सकाळी समुद्रात उतरू नये. एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशीची सकाळ सहलीसाठी ठेवावी. परतीचे तिकीटही दोन दिवसांनंतरचे असावे. म्हणजे पहिल्या सकाळी वारा असेल, तर दुसरी सकाळ हाताशी राहते.

शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत सारे बसवण्याची घाई हीच या सहलीतील मोठी जोखीम आहे. गाडी चुकली तर दुसरी मिळते, ही लोकलच्या प्रवाशाची सवय. समुद्राच्या बाबतीत तीच सवय कामी यावी : आजची नौका सोडावी लागली, तर उद्याची आहे.