कॉवेल चुनाभट्ट्यांवरील मजुरांची खोपटी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सांताक्रूझ शहरालगतच्या टेकडीवर चुनाभट्ट्यांच्या मजुरांसाठी बांधलेली लाकडी घरे. ही जागा आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात येते. भट्ट्या, भटारखाना आणि ही खोपटी मिळून सारा परिसर २००७ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाला.

आयझॅक डेव्हिस व अल्बियन जॉर्डन यांनी १८५३ मध्ये येथे चुन्याचा धंदा मांडला. १८६५ मध्ये जॉर्डनचा हिस्सा हेन्री कॉवेलने घेतला आणि १८८८ मध्ये डेव्हिस वारल्यावर सारे कॉवेलच्या हाती आले. मोठे गिऱ्हाईक सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या विटांच्या बांधकामांना आणि गिलाव्यांना हा चुना लागे.

भट्टीत चुनखडी रचून खालून रेडवूड वृक्षाच्या लाकडाचा जाळ घालत. तो तीन-चार दिवस, रात्रीसुद्धा, विझू द्यायचा नसे. पाळीचा माणूस हाकेच्या अंतरावर असलेला बरा. निवलेला कळीचा चुना पिंपांत भरत. याला पाणी लागले की तो तापतो. घामेजल्या अंगावर पूड बसली तर कातडी भाजते, आणि भिजलेल्या पिंपामुळे गलबत पेट घेऊ शकते.

मजूर बहुतेक सडेफटिंग, त्यांत पोर्तुगीज आणि इटालियन पुष्कळ. जेवण कंपनीच्या भटारखान्यात, निजणे खोपटात. रेडवूडच्या रुंद फळ्या उभ्या ठोकायच्या आणि दोन फळ्यांमधल्या फटीवर अरुंद पट्टी मारायची, एवढीच भिंत. आत दुसरा थर नाही. छपराचा भारही फळ्यांवरच. फळीच्या एका अंगाला पाऊस, दुसऱ्या अंगाला झोपलेला माणूस. शहराच्या गिलाव्याला चुना पुरवणाऱ्यांच्या भिंतींना गिलावा नव्हता, आणि भट्टीत जळत होते त्याच जातीचे लाकूड त्यांच्या डोक्यावर होते. रेडवूड सहसा कुजत नाही, म्हणून इतके कच्चे बांधकामही टिकले.

पुढे पोर्टलंड सिमेंट आले, जवळचे सरपणही सरत गेले आणि भट्ट्या थंडावल्या. जमीन १९६१ मध्ये विद्यापीठाकडे गेली, १९६५ मध्ये वर्ग सुरू झाले. घोड्यांच्या तबेल्याचे नाट्यगृह झाले, भटारखान्यात प्रवेश कचेरी आली.  उरलेल्या खोपटांपैकी ‘केबिन बी’भोवती पुरातत्त्वीय उत्खनन झाले आणि मग ते डागडुजी करून जपले गेले.