राणीच्या बागेंतील संग्रहालय

मुंबईंतील भायखळ्याच्या राणीच्या बागेंत केवळ संग्रहालय पाहावयाचें म्हणून घरून निघालेला मनुष्य विरळा. बहुतेक लोक निघतात ते वाघ, हत्ती आणि माकडें यांच्या दर्शनास. वाटेंत ही भव्य इमारत लागते, तेव्हां जातां जातां तिच्यांतहि डोकावतात. आम्ही लालबागच्या चाळींत वाढलों. गिरणींत सांचेवाले असलेले आमचे चुलते सुटीच्या दिवशीं घरांतील पांचसात मुलें बागेंत नेत, आणि ऊन फार झालें किंवा पावसाची सर आली म्हणजे ही सगळी टोळी त्या इमारतींत शिरे. आंत कांचेच्या कपाटांत मातीच्या लहान लहान मूर्ति होत्या: नाना जातींचे, नाना धंद्यांचे, नाना पागोट्यांचे लोक. खालची इंग्रजी पाटी चुलत्यांस वाचतां येत नसे. ते पागोट्याच्या पिळावरून व हातांतील हत्यारावरून तो कोण हें सांगत, आणि मग आमच्यांतील थोरल्यानें अडखळत पाटी वाचून निकाल द्यावा. चुलते हरल्याचें आम्हांस फारसें स्मरत नाहीं. पुढें विद्वानांचीं व्याख्यानें आम्हीं पुष्कळ ऐकलीं. परंतु वस्तूकडे पाहावें कसें याचा पहिला पाठ तो.

हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, संग्रहालयांतील ‘लोकांसाठीं कार्यक्रम’ ही अलीकडची टूम आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. या संग्रहालयाचा तर जन्मच मुळीं नागरिकांच्या सभेंतून झाला. १८५५ मध्यें पॅरिस येथील प्रदर्शनासाठीं मुंबई इलाख्यांतून नानाविध जिन्नस गोळा करण्यांत आले. त्यांचेच जोड नमुने येथें राखून कोटांतील टाऊन बराकींत एक संग्रह मांडला गेला. १८५७ मध्यें लष्करास त्या बराकी हव्या झाल्या. संग्रह घाईघाईनें बाहेर निघाला आणि त्यांतील बऱ्याच वस्तूंची नासाडी झाली. एवढ्यावर प्रकरण मिटलें असतें, तर कोणास नवल वाटलें नसतें. पण डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड हे स्वस्थ बसणारे नव्हते. १८५८ मध्यें शहरांतील लोकांची जाहीर सभा भरली आणि वर्गणी जमवून संग्रहालय व उद्यान उभारावयाचें ठरलें.

त्यास नांव मात्र राणीचें आणि तिच्या पतीचें देण्यांत आलें. सत्तावन्नची राख अजून निवालीहि नव्हती, अशा वेळीं दाखविलेली ही राजनिष्ठा वाचून आज हंसूं येतें. आमच्या मतें हंसण्याची घाई करूं नये. शाल राणीच्या खांद्यावर पडली, पण तिच्या आडून या मंडळींनीं आपल्या शहराच्या पदरांत एक शाळाच पाडून घेतली. १८६२ मध्यें सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें पायाचा दगड बसला. मग शेअरांचा उन्माद आला, १८६५ मध्यें तो ओसरला, आणि काम रखडलें. शेवटीं सरकारी साहाय्यानें तें पुरें होऊन २ मे १८७२ रोजीं इमारतीचीं दारें लोकांस खुलीं झालीं.

भाऊ दाजींचीहि संपत्ति त्या शेअरांच्या पडझडींत गेली. गोमंतकांतील मांद्र्याच्या या मुलानें ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडींतून पदवी मिळवावी, गरिबांस फुकट औषधपाणी करावें, उरल्या वेळांत जुने शिलालेख लावावे आणि दोनदां मुंबईचें शेरीफपद भूषवावें, हें सगळें एका माणसाच्या आयुष्यांत मावलें कसें, असा प्रश्न पडतो. १८७४ मध्यें ते वारले. संग्रहालयास त्यांचें नांव मिळावयास १९७५ साल उजाडावें लागलें.

मध्यंतरींच्या दुरवस्थेविषयीं फार लिहीत नाहीं. २००३ मध्यें महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यांत करार झाला, जीर्णोद्धार हातीं घेतला गेला, आणि २००८ मध्यें लोखंडी खांबांचा तो दिवाणखाना पुनः झळकूं लागला. त्यानंतर येथें सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल डोडिया यांच्यासारख्या आजच्या कलावंतांनीं जुन्या कपाटांच्या शेजारीं आपलीं कामें मांडलीं. व्याख्यानें झालीं, कलेतिहासाचे अभ्यासक्रम निघाले, मुलांच्या कार्यशाळा भरल्या. हें सर्व स्तुत्य आहे. एक गोष्ट मात्र मनांत सलते, आणि तिचा दोष आम्ही संस्थेस न देतां आम्हां सुशिक्षितांसच देतों. व्याख्यान ऐकावयास आम्ही मोटारींतून उतरतों, चर्चा करतों, चहा घेतों व परत जातों. त्याच वेळीं बाहेर काळ्या घोड्यावरच्या सातव्या एडवर्डापाशीं, घारापुरीहून आणलेल्या त्या दगडी हत्तीपाशीं शेंकडों माणसें मुलाबाळांसह उभीं असतात, त्यांस तुम्हीहि आंत या असें म्हणण्याचें आम्हांस सुचत नाहीं. ज्यांच्या आजापणजांच्या मूर्ति आंतील कपाटांत आहेत, तींच हीं माणसें.

एका रविवारीं मात्र आम्हीं निराळें पाहिलें. मुलांस माती देऊन ‘तुम्हांस ठाऊक असलेला धंदा घडवा’ असें सांगितलें होतें. एका मुलीनें पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला दुचाकीस्वार केला. घरोघर जेवण पोंचविणारा तो. एकानें भाजीवाली केली. नातवासोबत आलेले एक वृद्ध गृहस्थ कडेला बसले होते. थोड्या वेळानें त्यांनीं मातीचा एक गोळा मागून घेतला आणि दोन्ही टोंकांस निमुळतें, मध्यें पोकळ असें कांहींतरी वळलें. मुलांस तें होडी वाटलें. ‘धोटा आहे, बाळांनों,’ ते म्हणाले, आणि तो या हातानें सोडून त्या हातानें झेलून दाखवीत ताणा कोणता, बाणा कोणता, सूत तुटलें म्हणजे सांचा कसा थांबवावा हें सांगूं लागले. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. ते कामावरून घरीं आले ते पुनः सांच्यावर उभे राहिलेच नाहींत. शिकविणाऱ्या बाईंनीं आपला धडा बाजूस ठेवला व त्याहि मुलांत जाऊन बसल्या. आम्ही खातें विचारलें, गिरणी विचारली. आमच्या चुलत्यांची व त्यांची गिरणी एक नव्हती.

बोलणें रंगात आलें होतें, पण नातवास पेंग्विन पाहावयाचे होते आणि तो आजोबांचा सदरा ओढीत होता. त्यांनीं मातीचे हात धुतले, धोटा दुचाकीस्वाराशेजारीं वाळत ठेवला आणि ते बागेच्या गर्दींत मिसळले.