गंधर्व नाटक मंडळी

मराठी संगीत रंगभूमीवरील एक विख्यात नाट्यसंस्था. बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस), गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून ती १९१३ मध्ये स्थापन केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय तिला लाभला. स्वयंवर (१९१६) व एकच प्याला (१९१९) या नाटकांनी तिचा लौकिक शिखरास पोहोचला. बालगंधर्वांचे गाणे हे मुख्य आकर्षण. तथापि प्रेक्षक रंगमंचावरील वैभवासाठीही येत. भरजरी शालू, अत्तरे, ऑर्गन-सारंगीची साथ, पुढे अहमदजान थिरकवा यांचा तबला, यांपैकी कशातही काटकसर होत नसे. द्रौपदी (१९२०) नाटकाच्या नेपथ्याचा खर्च तर विशेष गाजला. १९२१ मध्ये बालगंधर्व एकटे मालक झाले, ते कर्जासह. त्याच वर्षी केशवराव भोसले यांच्यासमवेत झालेला संयुक्त मानापमानचा प्रयोग मात्र टिळक स्वराज्य फंडासाठी होता. कर्ज पुढे फिटले. खर्चाची रीत बदलली नाही. १९३१ नंतर बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेला. बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीच्या धर्मात्मा (१९३५) चित्रपटात एकनाथांची भूमिका केली, पण त्यांना ते माध्यम मानवले नाही. ते रंगभूमीकडे परतले, तोवर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या होत्या.