उलटी आद्याक्षरे

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. असा कोणी लेखक नव्हता. कथा खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर यांची होती आणि स्पर्धेला पाठवलेल्या प्रतीवरचे अक्षर त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांचे होते. नाव बनावट, अक्षर दुसऱ्याचे. एका कथास्पर्धेसाठी इतकी खबरदारी कोण घेतो, आणि का? नारळीकरांच्या कादंबरीकार म्हणून झालेल्या कारकिर्दीचा माग काढायचा, तर सुरुवात या प्रश्नापासूनच करायला हवी.

आधी पुरावा कसला आहे ते पाहू. टोपणनावाची आणि अक्षराची हकिगत आपल्याला मुख्यतः खुद्द नारळीकरांकडूनच कळते. मुलाखतींतून त्यांनी ती सांगितली. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे त्यांचे आत्मचरित्र 2012 साली प्रसिद्ध झाले, म्हणजे मूळ घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. इतक्या अंतरावरून सांगितलेल्या आठवणी साक्षीसारख्या घ्याव्यात, दस्तऐवजासारख्या नव्हे. पण या हकिगतीतला एक भाग कोणालाही घरबसल्या तपासता येतो. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचा, ज. वि. ना. मिळतात. इथे स्मृतीवर भरवसा ठेवण्याची गरज उरत नाही.

ही तीन अक्षरे त्यांच्या आयुष्यात आधीही एकदा भेटतात. बनारसला वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. मुलांसाठी घरात लिहायचे फळे लावलेले होते. शिकण्यासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यांतल्या एका फळ्यावर एखादे अवघड गणित मांडत आणि वर लिहीत, की हे ‘जेव्हीएन’साठी आव्हान. भाचा ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत गणित पुसले जात नसे. आत्मचरित्रातला हा प्रसंग पुष्कळांच्या लक्षात राहिला आहे. टोपणनाव घेताना नारळीकरांना तो फळा आठवला असेल का? तसे म्हणायला लेखी आधार नाही, हा माझा तर्क आहे. पण ज्या तीन अक्षरांखाली लहानपणी परीक्षा घेतली जाई, तीच उलटी करून छत्तिसाव्या वर्षी ते स्वतःहून परीक्षेला बसले, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

परीक्षा हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. 1974 साली नारळीकर हे नाव परीक्षकांना निःपक्ष राहू देणारे नव्हते. जून 1964 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेड हॉईल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्याची बातमी जगभरच्या वृत्तपत्रांनी दिली. 1965 साली, वयाची सत्ताविशी उलटण्याआधी, त्यांना पद्मभूषण मिळाले. 1972 साली केंब्रिज सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. अशा माणसाच्या कथेला बक्षीस मिळाले असते, तर ते कथेला की नावाला, हे परीक्षकांनाही सांगता आले नसते. नावाचा प्रभाव पडू नये म्हणून टोपणनाव घेतले, हे त्यांचे स्पष्टीकरण या पार्श्वभूमीवर पटते. आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रतही दुसऱ्याच्या हातून काढून घेतली.

भाषेचा मुद्दा यात सहसा निसटतो. नारळीकर जन्मले कोल्हापूरला, 19 जुलै 1938 रोजी. पण शाळा आणि महाविद्यालय बनारसचे. 1957 साली ते केंब्रिजला गेले आणि पुढची पंधरा वर्षे तिथेच होते. मराठी ही त्यांची घरातली भाषा. आई सुमती संस्कृतच्या जाणकार होत्या, त्यामुळे भाषेचे संस्कार भक्कम होते. तरी मराठी मासिकांच्या, दिवाळी अंकांच्या, साहित्यिक गटांच्या वातावरणात हा माणूस वाढलेला नव्हता. जगताप नावाच्या अनोळखी माणसाची मराठी चालली, याचा अर्थ नारळीकरांची मराठी चालली. असा निर्वाळा त्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाला नसता.

कथा लिहायचे सुचले कसे, याबाबत नारळीकरांनी सांगितलेली हकिगत अशी: अहमदाबादला एका परिसंवादात व्याख्यान कंटाळवाणे झाले, तेव्हा परिसंवादासाठी मिळालेल्या कागदांवरच त्यांनी कथा लिहायला घेतली. हकिगत सुरेख आहे, आणि सुरेख हकिगती जरा जपूनच घ्याव्यात. कथा लिहायला बसण्याचे निमित्त तिच्यावरून कळते, कारण कळत नाही. कारणासाठी मागे, 1957 सालाकडे जावे लागते. नारळीकर केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षी हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी प्रसिद्ध झाली. सूर्याजवळ येणारा आंतरतारकीय वायूचा ढग आणि त्याला तोंड देणारे शास्त्रज्ञ, असा तिचा विषय. पुढे हेच हॉईल नारळीकरांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक झाले. दिवसा विश्वरचनेची समीकरणे मांडणारा आणि त्याच अधिकाराने कादंबऱ्या लिहिणारा गुरू त्यांनी रोज समोर पाहिला. कथा-कादंबरी लिहिल्याने शास्त्रज्ञाचे काही उणे होत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अहमदाबादच्या त्या कंटाळवाण्या तासापेक्षा केंब्रिजच्या त्या वर्षांना मी जास्त वजन देतो.

पारितोषिकानंतर गोष्टी वेगाने घडल्या. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथांचा आग्रह धरला. 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी विज्ञानकथेची दखल घेतली. 1979 साली ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आला. टोपणनाव एका कथेपुरतेच राहिले.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. नारळीकर मराठीतले पहिले विज्ञानकथाकार, असे सर्रास छापले जाते. ते खरे नाही. विसावे शतक उजाडत असताना कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’मध्ये ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप येत होते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला. ‘नवल’सारख्या मासिकांनी अद्भुताला जागा दिली. नारळीकरांचे श्रेय आरंभाचे नाही. कामाच्या टेबलावर ज्या प्रश्नाशी शास्त्रज्ञ झगडतो, तोच प्रश्न कथेच्या कण्यात घालण्याची शिस्त त्यांनी आणली. हे श्रेय लहान नाही.

ती शिस्त कशी चालते, हे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत सर्वांत स्वच्छ दिसते. मला ही कथा वाचताना दर वेळी कोकणातल्या दिघीचा किनारा आठवतो, आणि त्याला कारण आहे. कथेच्या केंद्रस्थानी आहेत ते, पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी गोळी लागून पडलेले विश्वासराव श्रीवर्धनच्या भट घराण्यातले. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे ते पणतू. भटांची देशमुखी दंडाराजपुरी आणि श्रीवर्धन या भागातली, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली. सिद्दीशी बिनसले तेव्हा बाळाजी विश्वनाथांना हा मुलूख सोडून घाटावर जावे लागले. आज दिघी श्रीवर्धन तालुक्यात येते. तिथून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले, की एका बाजूला खाडीच्या तोंडाशी जंजिरा आणि समोर राजपुरीचा किनारा, असा त्या घराण्याच्या उगमाचा सगळा नकाशा डोळ्यांपुढे असतो. ज्या मृत्यूभोवती ती कथा फिरते, त्या घराण्याची मुळे या खाडीच्या दोन्ही तीरांवर आहेत.

कथेतले प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे इतिहासकार आहेत. मुंबईला येताना त्यांच्या ध्यानात येते, की हे जग वेगळे आहे. इथे मराठे टिकले आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईपुरती उरली. ते घाबरून पळत नाहीत, ग्रंथालयात जातात. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून भारताच्या इतिहासाचे पाच खंड मागवतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे चार खंड त्यांना ठाऊक असलेल्या इतिहासाशी जुळतात. फरक पाचव्यात आहे. मग तो खंड ते दोन्ही टोकांकडून आत वाचत येतात आणि फाटा फुटतो तो नेमका क्षण गाठतात. तो क्षण पानिपतचा. तिथे गोळी विश्वासरावांना न लागता कानाजवळून गेलेली आहे. अखेर ते आपल्या जगात परततात, तेव्हा त्यांच्या खिशात उरते पानिपतची हकिगत सांगणाऱ्या भाऊसाहेबांच्या बखरीचे एक फाटके पान. मित्र राजेंद्र देशपांडे स्वतःकडची बखर काढून ते पान ताडून पाहतो. मजकूर सारखाच, फक्त गोळीपाशी पाठ वेगळा.

हे संशोधकाचे काम आहे. दोन प्रती समोर ठेवायच्या, जिथे जुळतात तो भाग बाजूला काढायचा आणि जिथे पाठ फुटतो तिथे थांबायचे. मग देशपांडे जे स्पष्टीकरण देतो ते भौतिकशास्त्राचे. पुंजभौतिकीत एका कणाचा पुढचा मार्ग निश्चित सांगता येत नाही. अनेक शक्यता एकाच वेळी खऱ्या असतील, तर अनेक जगेही असू शकतील. कथा विज्ञानाची आहे, पण तिचा सगळा डोलारा बखरीच्या एका पानावर तोललेला आहे. ते पान हरवले असते, तर गंगाधरपंतांच्या अनुभवाला स्वप्नापलीकडे काही किंमत उरली नसती.

‘वामन परत न आला’ या कादंबरीतही हेच सूत्र मोठ्या आकारात आहे. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरजवळ जमिनीखाली एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. शास्त्रज्ञ त्यातला मजकूर उलगडत जातात, त्यातल्या सूचनांबरहुकूम यंत्रमानव घडवतात, आणि ती संस्कृती कशाने बुडाली याचा उलगडा होईपर्यंत धोका दारात आलेला असतो. स्थळ सहज निवडलेले वाटत नाही. गौरीबिदनूरला रेडिओ दुर्बीण आहे आणि खगोलशास्त्रज्ञाला तो परिसर परका नसतो. हा माझा अंदाज, पण नारळीकरांच्या कादंबऱ्यांतल्या प्रयोगशाळा, बैठका, निधीवरून होणारे वाद आणि सरकारी फायली इतक्या ओळखीच्या वाटतात त्याचे कारण हेच असावे. ‘प्रेषित’ आणि ‘व्हायरस’ वाचणाऱ्यालाही ते जाणवेल. संस्था चालवणे म्हणजे काय, हे ते आतून जाणत होते. 1988 साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक होते आणि 2003 पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

कथालेखन हा थोर शास्त्रज्ञाचा फावल्या वेळचा छंद होता, असे त्यांच्याबद्दल आदराने म्हटले जाते. मला ते मान्य नाही. 1974 ची स्पर्धा आणि 2008 चा एक प्रयोग शेजारी ठेवून पाहा. 2008 साली नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याकडे त्यांतल्या 40 पत्रिका गेल्या. मूल कोणते हे लपवलेले, ते ओळखायचे ज्योतिष्याने. 27 जणांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. नाव झाका आणि मग निकाल लावा, ही या प्रयोगाची पद्धत. चौतीस वर्षांपूर्वी हीच पद्धत त्यांनी आधी स्वतःच्या कथेला लावली होती. लेखन आणि विज्ञान हे त्यांच्या जगण्याचे दोन कप्पे नव्हते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला भरलेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष जाऊ शकले नाहीत. जगतापांच्या नावाने मराठी साहित्यात शिरलेला हा लेखक त्या साहित्याच्या सर्वोच्च पदापर्यंत आला होता. मंगलाताई जुलै 2023 मध्ये गेल्या आणि नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात.

पुस्तके आहेत आणि ती राहतील. विखुरलेले आहे ते वेगळेच. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करत, तेव्हा नारळीकर वहीवर स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल, असे सांगत, आणि तसे उत्तर खरोखर येई. त्यातल्या काही प्रश्नोत्तरांचे पुढे पुस्तकही झाले. पण मूळ कार्डे ज्यांना मिळाली त्यांच्या घरी गेली. ‘कृष्णविवर’च्या प्रतीवर त्यांचे अक्षर नव्हते, या कार्डांवर ते आहे. तारीख, पत्ता आणि टपालाचा शिक्का यांसह असे साधन इतिहासलेखकाच्या वाट्याला क्वचित येते. दिघी, श्रीवर्धन, मुरूडपासून नागपूरपर्यंत ज्यांच्या घरी असे एखादे कार्ड असेल, त्यांनी ते दमट कपाटातून काढावे, दोन्ही बाजूंची छायाप्रत करावी आणि मूळ कार्ड जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा अभिलेखागाराच्या स्वाधीन करावे.